नाना, ते आधी काढा

सेक्रेटरी काका (ए-१०२): सर्व सभासदांना नम्र विनंती. मेंबर रजिस्टर अपडेट करण्याचे काम चालू आहे. तरी सर्व फ्लॅटधारक व भाडेकरू यांनी आधार कार्ड (दोन्ही बाजू) व पॅन कार्डचा क्लिअर फोटो फ्लॅट नंबरसह याच ग्रुपवर रविवार संध्याकाळपर्यंत टाकावा. ब्लर फोटो ग्राह्य धरला जाणार नाही 🙏

नाना (ए-३०४): (फोटो) (फोटो) (फोटो)

नाना: ए ३०४. पहिला नंबर आमचा

शुभदा काकू (बी-१०१): यांचं आधार सापडत नाहीये मेलं, मिळालं की टाकते

मंदार (सी-४०२): नाना थांबा, ते आधी काढा. फोटोवर दाबून धरा, डिलीट, मग डिलीट फॉर एव्हरीवन. काकू तुम्ही पण टाकू नका सापडलं तरी

नाना: का रे, ब्लर आलाय का

मंदार: नाही हो, एकदम क्लिअर आलाय, तोच तर प्रॉब्लेम आहे

नाना: केलं डिलीट

मंदार: मला अजून दिसतंय

नाना: माझ्याकडचं गेलं की

मंदार: तुम्ही डिलीट फॉर मी दाबलंत. म्हणजे तुमच्या मोबाईलमधून गेलं, बाकी सगळ्यांना दिसतंय आणि आता तुम्हाला ते काढता पण येणार नाही. सेक्रेटरी काका तुम्ही ॲडमिन आहात, ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढता येतो, नानांचे तिन्ही फोटो काढा प्लीज

मंदार: काका?

रुपाली (बी-३०१): ते खाली टँकरवाल्याशी बोलतायत. म्हणजे ओरडतायत

चौगुले साहेब (ए-५०१): मंदार, उगाच घाबरवू नकोस लोकांना. आपला घरचा ग्रुप आहे. आणि आधार आपण कुठे देत नाही, सिम घेताना देतो, हॉटेलात देतो, गॅसला देतो. मला सांग २०१८ साली इथे पुण्यात कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी उडाले तेव्हा कुणी ग्रुपवर आधार टाकलं होतं का? ज्याला चोरायचं तो चोरतोच

नाना: आणि माझं काय आहे लपवण्यासारखं, पेन्शनर माणूस

मंदार: साहेब कॉसमॉसचं बरोबर आहे, पण तिथे बँकेचं एटीएम स्विच, म्हणजे एटीएमला पैसे द्यायची मंजुरी देणारी यंत्रणाच फसवली होती, खोटी कार्डं घेऊन २८ देशांत मशीनमधून पैसे काढले, त्यात खातेदाराच्या हातात काहीच नव्हतं. इथे आपल्या हातात आहे म्हणून तर बोलतोय. आणि घरचा ग्रुप म्हणता तर मेंबर लिस्ट उघडून बघा जरा, १४२ नंबर आहेत, त्यात दोन वर्षांपूर्वी सोडून गेलेले तीन भाडेकरू अजून आहेत, प्लंबर आहे, जुना केबलवाला आहे, एक नंबर तर कुणाचा आहे तेच माहीत नाही नुसता गणपतीचा डीपी आहे. यातल्या अर्ध्या लोकांच्या मोबाईलमध्ये फोटो आपोआप डाउनलोड होतात, गॅलरीत जातात, गॅलरीतून क्लाउडवर जातात, मग आपण इथून काढला तरी तिथला राहतो. नाना तुमचं आधार आत्ता कमीत कमी पन्नास घरी पोचलंय, तुम्ही स्वतः जाल तिथे तुमच्या आधी ते जाऊन बसलेलं असेल

नाना: वा. प्रसिद्धच झालो म्हणायचं

मंदार: आणि एक खरं सांगतो, उगाच बाऊ नको. नुसता आधार नंबर कुणाला कळला म्हणून खात्यातून पैसे जात नाहीत. पण नाव, जन्मतारीख, पत्ता, फोटो, वर पॅन असं सगळं एका जागी मिळालं की उद्या फोन येतो, नमस्कार अमुक अमुक, तुमची जन्मतारीख ही ना, पॅनचा शेवट असा ना, आणि माणसाला वाटतं हा बँकेचाच आहे. एकदा भरवसा बसला की पुढचं सगळं आपणच सांगतो. दुसरं म्हणजे तुमच्या नावावर सिम किंवा ॲपवालं लोन. सिम किती आहेत ते सरकारच्या संचार साथी पोर्टलवर दिसतात, आणि क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे आपल्या नावावर कुठली कर्जं आहेत त्याची यादी, वर्षातून एकदा प्रत्येक क्रेडिट ब्युरोकडून फुकट मिळतो, नाना तुमचा मी काढून देतो

चौगुले साहेब: आधारवाल्यांनी स्वतःच एकदा सांगितलं होतं ना झेरॉक्स देऊ नका, आणि मग दोन दिवसात माघार घेतली

मंदार: हो, मे २०२२. बेंगळुरूच्या ऑफिसने पत्रक काढलं की कुणालाही झेरॉक्स देऊ नका, मास्क्ड वापरा, मग गदारोळ झाला तर मंत्रालयाने पत्रक मागे घेतलं आणि म्हणाले नेहमीची काळजी घ्या. आता नेहमीची काळजी म्हणजे काय ते कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगतो. आधारच्या साइटवर डाउनलोड करताना मास्क्ड आधार असा ऑप्शन असतो, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात शेवटचे चारच दिसतात, ओळख पटवायला बहुतेक ठिकाणी तेवढं पुरतं. झेरॉक्स द्यावीच लागली तर तिच्यावर आडवं लिहायचं अमुक कामासाठी, तारीख, सही, अक्षरं थोडी फोटोवर आली पाहिजेत. आणि आधारचं बायोमेट्रिक, म्हणजे अंगठा आणि डोळ्याची ओळख, लॉक करून ठेवा, आधार आणि अंगठा लावून पैसे काढायची सोय असते ना, त्यात रजिस्ट्रीच्या कागदांवरचे अंगठे उचलून नकली ठसे बनवल्याच्या केसेस झाल्यात. लागेल तेव्हा दोन मिनिटात उघडता येतं

शुभदा काकू: हे मी सेव्ह करून ठेवते

मंदार: आणि झेरॉक्सवरून आठवलं. मागच्या महिन्यात भाडेकराराची प्रिंट काढायला एका दुकानात गेलो, तो म्हणाला गर्दी आहे तुम्हीच ओपन करा. डाउनलोड फोल्डर उघडला तर आधार वन, आधार टू, आधार फायनल, आधार फायनल न्यू, कुणाची सॅलरी स्लिप, एका मुलीचा लग्नाचा बायोडेटा फोटोसकट, मोबाईल नंबर, आईचं माहेरचं आडनाव सगळं. आणि शेजारच्या टॅबमध्ये कुणाचं तरी व्हॉट्सॲप वेब चालू, तो माणूस कधीच निघून गेलेला आणि त्याच्या आईचा मेसेज माझ्यासमोर येऊन पडला, येताना कडीपत्ता आण. मी ते लॉगआउट केलं, माझी फाईल काढली, रिसायकल बिन रिकामा केला. पण बाकीच्यांचं काय करणार, मला हात लावायचा हक्क नाही. त्या दुकानदाराचा पण काही वाईट हेतू नाही हो, त्याला वेळच नाही. तिथे प्रिंट काढली की घरी येऊन व्हॉट्सॲपमध्ये लिंक्ड डिव्हाइसेस उघडून बघायचं, अनोळखी काही दिसलं की लॉगआउट

नाना: कडीपत्ता आणला का त्याने

रुपाली: मी एक बोलू का, भाडेकरू आहे म्हणून इतके दिवस बोलले नाही. गेटवरचं रजिस्टर. त्यात माझं नाव, फ्लॅट, मोबाईल, स्कूटीचा नंबर आहे आणि ते टेबलावर उघडंच असतं, प्रत्येक डिलिव्हरीवाला त्याच पानावर आपलं नाव लिहितो. जूनमध्ये मला रात्री साडेअकराला मेसेज आला, हाय मॅडम आज पार्सल मीच दिलं होतं. नंबर ॲपवर दिसत नाही त्यांना, मी विचारलं होतं. मग कुठून मिळाला. दोन नंबर ब्लॉक केले, तिसरा आला

शुभदा काकू: अगो बाई, बोलायचं नाहीस का तेव्हाच

रुपाली: काकू तेव्हा बोलले असते तर अजून चार जणांनी विचारलं असतं की रात्री पार्सल का मागवते

मंदार: रुपाली हे तू बोललीस ते माझ्या सगळ्या भाषणापेक्षा महत्त्वाचं आहे. रशियातला हॅकर आपल्याकडे येणार नाही, त्याला आपल्यात इंटरेस्ट नाही, पण ते रजिस्टर रोज शंभर माणसं बघतात

चौगुले साहेब: म्हणूनच मी तीन मीटिंग झाल्या सांगतोय गेटचं ॲप घ्या, सगळं डिजिटल. आता तरी पटलं का

मंदार: ॲपला माझा विरोध नाही साहेब. फक्त घ्यायच्या आधी त्यांना विचारा की पाहुण्याचा फोटो आणि नंबर किती दिवस ठेवणार, आणि आपण ॲप बंद केलं तर आपला डेटा पुसणार का, हे लेखी द्या. दोन वर्षांपूर्वी कोण कोणाकडे किती वाजता आलं होतं हे कुणाला कशाला पाहिजे. २०२३ च्या डेटा प्रोटेक्शन कायद्यात पण साधारण हेच आहे, ज्या कामाला माहिती घेतली त्याच कामाला वापरायची, काम झालं की पुसायची. आणि नाना तुम्ही म्हणालात लपवण्यासारखं काय, तर २०१७ साली सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं प्रायव्हसी हा मूलभूत अधिकार आहे. तुम्ही पण बाथरूमचं दार लावताच ना, तिथे काय गुन्हा करता का

नाना: करतो, गातो

चौगुले साहेब: ओके हे विचारतो त्यांना. तोपर्यंत रजिस्टरचं काय

मंदार: नंबरचा रकाना काढून टाका, रहिवाशांचे नंबर तसेही वॉचमनच्या मोबाईलमध्ये आहेत. पाहुण्यांसाठी एकेक सुटी चिठ्ठी, ती डब्यात टाकायची. वही उघडी ठेवायची नाही, संपलं

सेक्रेटरी काका: आलो. टँकर अर्धाच भरून आणला होता, मोजायला लावला. काय चाललंय, ८० मेसेज

मंदार: काका नानांचे तीन फोटो काढा आधी

सेक्रेटरी काका: थांब वरपासून वाचतो

मंदार: वाचू नका काका काढा

सेक्रेटरी काका: पण मग ऑडिटरला काय देऊ

मंदार: ऑडिटरने आधार मागितलंय का नक्की?

सेक्रेटरी काका: त्याने सभासदांची यादी अपुरी आहे, पत्ते आणि नॉमिनी भरा असं म्हटलंय. आधार मीच म्हटलं घेऊन ठेवू एकदाच, परत परत कोण मागणार

मंदार: मग घ्यायचंच कशाला. नॉमिनीचं ऑफिसात येऊन भरतील, ओळखपत्र बघायचं आणि परत द्यायचं. भाडेकरूंचं घरमालक पोलिसांच्या ऑनलाइन फॉर्मवर भरतोच. आपल्याकडे जे नाहीच ते चोरीला पण जात नाही. आणि काका ऑफिसच्या कॉम्प्युटरवर अजून विंडोज ७ आहे, त्याचे अपडेट जानेवारी २०२० ला बंद झाले. मेंटेनन्सचा सगळा हिशोब त्यात आणि बॅकअप म्हणजे तुमच्या स्कूटरच्या किल्लीला लटकवलेला पेन ड्राइव्ह

सेक्रेटरी काका: तो चालतो अजून

मंदार: चालतोय तोपर्यंत चालतोय. माझ्याकडे पडलेली हार्ड डिस्क देतो, एक कॉपी त्यावर, एक पेन ड्राइव्हवर, एक तुमच्या घरच्या लॅपटॉपवर. आणि मशीनवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकून देतो, फुकट असतं, एक्सेलसारखं सगळं उघडतं त्यात, रविवारी दोन तासाचं काम आहे. बायको म्हणते तुला दुसऱ्यांचे कॉम्प्युटर पुसायचेच डोहाळे लागतात, ते सोडा

सेक्रेटरी काका: आणि सीसीटीव्हीचं सांग, त्याला पासवर्ड आहे बरं का, तो इंग्रजीत ॲडमिन आणि पुढे

मंदार: काकाsss इथे लिहू नका

मंदार: आणि तो कंपनीतून येतानाचाच आहे म्हणजे. २०१६ ला मिराई म्हणून एक व्हायरस आला होता, तो असेच न बदललेले पासवर्ड एकेक करून लावत कॅमेरे आणि त्यांचं रेकॉर्डिंग ठेवणाऱ्या डीव्हीआरमध्ये घुसायचा, लाखो मशीन ताब्यात घेऊन त्याच्या जोरावर मोठमोठ्या साइट बंद पाडल्या. आपला कॅमेरा मुलांच्या घसरगुंडीकडे बघतो. बसवून गेलेल्या माणसाच्या मोबाईलमध्ये पण ते लाइव्ह दिसत असणार, त्याला कुणी काढलंय का? मी संध्याकाळी येतो, बदलू

शुभदा काकू: मंदार पासवर्ड लक्षात कसे ठेवायचे रे, मी सगळीकडे नातवाचं नाव आणि वाढदिवस ठेवलाय. आणि गेल्या महिन्यात आमच्या भावोजींना लग्नपत्रिका आली व्हॉट्सॲपवर, उघडली तर काहीच दिसेना, आणि तासाभरात खात्यातून ४८ हजार गेले, ओटीपी कुणालाच सांगितला नव्हता त्यांनी

मंदार: ती पत्रिका नव्हती काकू, एपीके होती म्हणजे ॲप. त्याने मेसेज वाचायची परवानगी मागितली, भावोजींनी ओके दाबलं, मग ओटीपी आपोआप चोराकडे. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, नावाच्या शेवटी एपीके दिसलं की सख्ख्या भाचीचं लग्न असलं तरी उघडायचं नाही. पैसे गेले की आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, नातेवाईकांना नंतर, पहिल्या तासाला रक्कम पुढे सरकायच्या आत अडवता येते. पासवर्डचं म्हणाल तर मी कीपास नावाचं पासवर्ड साठवायचं ॲप वापरतो पण तुम्ही सरळ वहीत लिहा

नाना: वहीत? लेका इतका वेळ आमच्यावर ओरडतोस आणि वहीत?

मंदार: हो, वहीत. कपाटात ठेवलेली वही चोरायला चोराला घरी यावं लागतं. सगळीकडे एकच नातवाचा वाढदिवस असला तर एका फालतू शॉपिंग साइटवरून फुटला की ईमेल पण गेला. फक्त बँकेचा पिन वहीत नको, आणि वहीवर पासवर्ड असं मोठ्या अक्षरात लिहू नका

शुभदा काकू: मी लिहिलंय. लाल स्केचपेनने

सेक्रेटरी काका: मंदार झालं बघ. ॲडमिनने डिलीट केला असं आलंय

मंदार: काका तुम्ही माझा मेसेज काढलात. मास्क्ड आधारचा

सेक्रेटरी काका: अरे. ते आधार दिसलं म्हणून

रुपाली: काका नानांचे फोटो सगळ्यात वर आहेत, वर सरका

सेक्रेटरी काका: गेले आता. तिन्ही गेले. मंदार बघ

मंदार: हो गेले. थँक्यू काका. जुने भाडेकरू आणि तो गणपतीचा डीपी पण काढा ग्रुपमधून

अनोळखी नंबर: मी वॉचमनचा मुलगा आहे, पप्पांना नोटीस वाचून दाखवतो

मंदार: अरे सॉरी. तू राहा

नाना: मंदार ते झाकलेलं आधार कसं काढायचं लिहिलं होतंस ते दिसत नाहीये रे. परत टाक