शाळेत हिरो, कॉलेजात बेंचवर: एफवायच्या पोराला फुटबॉल जड जातोय, काय करावं?

भांडुपचा_बाबा

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवा होता. आमचे चिरंजीव यंदा एफवायबीकॉमला टाऊनमधल्या एका कॉलेजात लागलेत, कॉलेजचं नाव घेत नाही. शाळेत स्ट्रायकर होता, आझाद मैदानावर एमएसएसएच्या (मुंबईतल्या शाळांच्या स्पर्धा घेणारी संस्था) मॅचेसना मी हाफ डे टाकून जायचो, एका मॅचला चार गोल मारलेले तेव्हा पीटी सरांनी मलाच मिठी मारली होती. अकरावी-बारावीला घराजवळच्या कॉलेजात टीमच नव्हती, मग दोन वर्षं बिल्डिंगच्या पोरांबरोबर भाड्याच्या टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवताच्या छोट्या मैदानावर खेळला, सिक्स-अ-साइड, तासाचे पैसे वाटून घेऊन. यंदा ट्रायलला सिलेक्ट झाला, आम्ही पेढे वाटले, आणि तिथून सगळं उलटंच सुरू झालं. गणपती येऊन गेले, आतापर्यंत मॅचमध्ये किती मिनिटं खेळला तर अकरा. मी मोजलीत. कोच सारखं म्हणतात बॉल लवकर सोड, आणि हा म्हणतो सोडू कोणाला, मान वर करेपर्यंत कोणीतरी अंगावर आलेलं असतं. घरी आला की बूट बाल्कनीत फेकायचे, कानात इअरफोन घालायचा, विषय संपला.

मी पडलो क्रिकेटवाला, कांगा लीगला ओल्या विकेटवर दोन-चार सीझन काढलेत, फुटबॉलमधला ऑफसाइड मला अजून बायकोला विचारायला लागतो. नेटवर शोधलं तर सगळं ते हेल्मेटवालं अमेरिकन फुटबॉल येतं, फ्रेशमन काय नि रेडशर्ट काय, बंद करून टाकलं. पोरात काही कमी आहे की हे सगळ्यांचंच होतं? कोचना एकदा जाऊन भेटू का?

चिखलातला_स्टॉपर

काका, कोचना भेटायला जाऊ नका. प्लीज. आमच्या टीममधल्या एकाचे वडील आले होते, त्या पोराला वर्षभर सगळे 'पालकसभा' म्हणून हाक मारायचे.

मी सात-आठ वर्षांपूर्वी कॉलेजला स्टॉपर, म्हणजे मधला डिफेंडर होतो आणि हो, हे सगळ्यांचंच होतं. शाळेत कसं असतं, एका वयाची पोरं, त्यात ज्याला मिशी आधी फुटली तो हिरो, धावत सुटला की मागे कोणी पोचतच नाही. कॉलेजात ती मिशी सगळ्यांनाच असते. युनिव्हर्सिटीच्या स्पर्धांना वयाची मर्यादा पंचवीसपर्यंत जाते, म्हणजे तुमचा अठराचा पोरगा ज्याच्याशी भिडतो तो लॉ नाहीतर एमकॉम करणारा चोवीसचा दाढीवाला असू शकतो, जो वर क्लबकडून एमएफएची, म्हणजे मुंबई फुटबॉल असोसिएशनची लीग पण खेळतो. त्याला तुमच्या पोराएवढं पळायची गरजच पडत नाही, बॉल कुठे येणार ते त्याला आधीच कळलेलं असतं.

माझा पहिला दिवस सांगतो. सकाळची प्रॅक्टिस, जुलै, मैदान म्हणजे नुसता राडा. बॉल माझ्याकडे येत होता आणि मी बॉलकडे बघत होतो, शाळेतून आलेले सगळे हेच करतात. बॉल पायाला लागला आणि त्याच सेकंदाला मी चिखलात बसलेलो. आमच्या कॅप्टनने टॅकल पण नव्हतं केलं, नुसता खांदा लावला आणि बॉल नि माझ्या मध्ये स्वतः येऊन उभा राहिला, रिक्षात सरकून बसतात तसा. मग हात देऊन उठवलं आणि एवढंच विचारलं, मागे बघितलं होतंस का? मी म्हटलं कधी? तो म्हणाला तेच.

तर काका, सोडू कोणाला हा प्रश्न बॉल पायात आल्यावर पडला की उशीर झालेला असतो. बॉल यायच्या आधी मान फिरली पाहिजे, डावा खांदा, उजवा खांदा, कोण कुठे आहे बघून ठेवायचं, मग बॉल. ह्यासाठी एक फुकटचा उपाय. बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये भिंतीवर बॉल मारायला लावा, तुम्ही त्याच्या मागे चार-पाच पावलांवर उभे राहून बोटं दाखवा, बॉल भिंतीवरून परत येईपर्यंत त्याने मान फिरवून आकडा ओरडायचा नि मग टच घ्यायचा. आकडा चुकला की परत. रोज पंधरा मिनिटं. पहिल्या आठवड्यात पोरं चिडतात, त्यांना वाटतं ह्यात कसला आलाय फुटबॉल.

टर्फबद्दल पण बोलतो कारण मला ती खरी गोम वाटते. दोन वर्षं टर्फ म्हणजे पाय चांगले झाले असतील पण सवयी बिघडल्या असणार. टर्फला जाळी असते, बॉल बाहेर जात नाही, ऑफसाइड नसतो, तळव्याखाली बॉल दाबून दोन सेकंद विचार करत उभं राहिलं तरी चालून जातं, आणि दमलात की गोलकीपर व्हायचं. इथे शंभर मीटरचं मैदान, नव्वद मिनिटं, आणि पावसाळ्यात तळव्याने ओढायला गेलात तर बॉल डबक्यात बसतो नि आपण पुढे निघून जातो. अख्ख्या मॅचमध्ये एका माणसाच्या पायात बॉल मिनिट-दोन मिनिटं असतो, फार फार तर तीन. उरलेली ८७ मिनिटं तो कुठे पळतो, कोणाला ओढून नेतो, बॉल गेल्यावर परत येतो का उभा राहून हात वर करतो, कोच ते बघतात. शाळेतल्या स्ट्रायकरला परत यायचं असतं हेच कोणी सांगितलेलं नसतं, चार गोल मारल्यावर कोण सांगणार.

टॅक्सफ्री_टिल्लू

सीएला घाला. तिकडे बेंचवर कोणी बसवत नाही, डायरेक्ट नापास करतात.

रात्रपाळी_ऐरोली

बाबा, तुम्ही ज्याला वैतागून बंद केलंत ते हेल्मेटवालं परत उघडा, तुमचं उत्तर अर्धं तिथेच आहे. मी ऐरोलीला नाईट शिफ्टला असतो, क्लायंट सगळे अमेरिकेतले, शनिवारी आपल्याकडे रात्री साडेनऊ वाजले की तिकडच्या दुपारच्या कॉलेज मॅचेस सुरू होतात, बघता बघता मला नाद लागला. खेळ वेगळा, बॉल अंड्यासारखा, पण फर्स्ट इयरच्या पोरांचं रडगाणं सेम टू सेम. गावातल्या शाळेचा स्टार असतो, कॉलेजात जातो तर तिथे प्रत्येक जण कुठल्या ना कुठल्या गावचा स्टार, समोर बावीस वर्षांचे, चार-चार वर्षं जिम केलेले बाप्ये, आणि वर प्लेबुक म्हणून शेकडो चालींचं बाड पाठ करायचं असतं. शाळेत पाय जोरात चालले की भागायचं, इथे चाल आठवेपर्यंत समोरचा येऊन आपटतो. तुमच्या पोराचं जे मान वर करायचं चाललंय ना, तेच.

तिकडच्या लोकांनी हे आधीच मान्य करून टाकलंय. मोठ्या कॉलेजांत १९७२ च्या आधी फर्स्ट इयरवाल्यांना सहसा मुख्य टीमकडून खेळूच देत नव्हते, त्यांची वेगळी टीम असायची. नंतर परवानगी आली. आणि रेडशर्ट म्हणजे शिक्षा नाही हो, पाच वर्षांत चार सीझन खेळायचे असा हिशोब असतो म्हणून एक वर्ष, बहुतेक वेळा पहिलंच, मुद्दाम मॅचबाहेर ठेवतात. प्रॅक्टिस पूर्ण, जिम पूर्ण, मीटिंगा पूर्ण, मॅच नाही. २०१८ ला तर नियमच केला की चार मॅचपर्यंत खेळवलं तरी ते वर्ष खर्ची पडणार नाही. काही पोरं शाळा डिसेंबरातच उरकून जानेवारीत कॉलेजला दाखल होतात, का तर खरा सीझन ऑगस्टच्या शेवटी सुरू व्हायच्या आधी स्प्रिंगची प्रॅक्टिस पदरात पडावी. आपल्याकडे ट्रायल होते आणि थोड्याच दिवसांत मॅच, मग पोरगं बेंचवर दिसलं की आपण घाबरतो.

बेंचचं एक सांगतोच. २०१८ जानेवारीची कॉलेजांची फायनल, अलाबामा युनिव्हर्सिटीची टीम हाफटाइमला ०-१३ मागे. कोच निक सेबनने सीझनभर खेळलेला क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकून चाली चालवणारा जेलन हर्ट्स बसवला आणि टुआ टॅगोवायलोआ म्हणून फर्स्ट इयरचं पोरगं उतरवलं. ओव्हरटाइममध्ये हे पोरगं आधी १६ यार्ड मागे जाऊन पडलं, मी म्हटलं गेली मॅच, आणि पुढच्याच चालीला ४१ यार्डांचा टचडाउन पास (टचडाउन म्हणजे त्यांचा गोल समजा), २६-२३ जिंकले. तो पास झेलणारा डेव्हॉन्टा स्मिथ पण फर्स्ट इयरचाच. म्हणजे सीझनचा बहुतेक वेळ बाहेर बसून टुआ झोपला नव्हता. आणि ज्याला बसवलं तो हर्ट्स २०२५ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे तिकडच्या प्रो लीगच्या फायनलमध्ये सामनावीर झाला, त्यामुळे बेंचवर बसला म्हणजे संपला असं काही नसतं.

ऑफिसात हे मी कोणाला सांगू शकत नाही, सगळे आयपीएलवाले.

डोंबिवलीची_आई

मला चाली वगैरे कळत नाहीत पण माझी लेक गोलकीपर आहे, आता टीवायला, तर घरच्या बाजूचं लिहिते कारण ते कोणीच लिहिलेलं नाही. भाऊ, भांडुपहून टाऊनला सकाळच्या प्रॅक्टिसला म्हणजे तुमचा मुलगा उठतो किती वाजता? माझी एफवायला असताना पावणेपाचला उठून चहा-बिस्किटावर पळायची, प्रॅक्टिस झाली की तसंच लेक्चरला, दुपारी वडापाव, संध्याकाळी गर्दीच्या लोकलमध्ये ती किट बॅग घेऊन उभी, रात्री बारापर्यंत मोबाईल. ऑक्टोबरात मांडीचा स्नायू धरला आणि तीन आठवडे घरी बसली. डॉक्टरांनी पहिला प्रश्न झोपेचा विचारला, दुसरा खाण्याचा.

मग आम्ही निघताना एक केळं आणि प्रॅक्टिसनंतर लगेच डबा असं सुरू केलं, दोन उकडलेली अंडी, रात्रीच्या पोळीला शेंगदाण्याची चटणी नि तूप लावून गुंडाळी, रताळं असेल तर रताळं. पावडरीचे डबे वगैरे काही नाही, खूप पोरांनी सांगितलं होतं. आणि फिफाचा तो इलेव्हन प्लस म्हणून वॉर्मअप आहे, पंधरा व्यायाम, वीसेक मिनिटं लागतात, दुखापती कमी व्हाव्यात म्हणूनच बनवलाय, नेटवर व्हिडिओ आहेत. कोच घेत नसतील तर एकट्यानेही होतो, जोडीदाराचे काही सोडून.

दुसरं म्हणजे हजेरी. ७५ टक्के लागते आणि शाळेसारखं पीटी सर वर्गशिक्षकांना सांगून ठेवत नाहीत हो. मॅचच्या दिवसांचं जिमखान्याचं (कॉलेजच्या खेळ विभागाचं) पत्र ज्याचं त्याने वेळेत नेऊन द्यायचं. माझीचं नाव पहिल्याच सेमला डिफॉल्टर लिस्टमध्ये लागलं कारण पत्रं सगळी तिच्या बॅगेत, ओल्या मोज्यांखाली.

स्पष्टबोल्या

सगळे गोड गोड बोलतायत. खरं हे आहे की बऱ्याच ठिकाणी कोच आपापल्या क्लबची पोरं खेळवतात, स्पोर्ट्स कोट्यातून आलेल्यांना आधी चान्स, बाकीच्यांनी बाटल्या भरायच्या. माझ्या भाच्याने दोन वर्षं बाटल्या भरल्या नि सोडून दिलं. कॉलेज बदला.

चिखलातला_स्टॉपर

@स्पष्टबोल्या अगदीच खोटं नाही म्हणणार, असं होतं. पण एफवायच्या मध्यात कॉलेज बदलून काय होणार, तिकडे पण चोवीसचा दाढीवाला असणारच की. त्यापेक्षा काका, त्याला एखाद्या क्लबात नाव नोंदवू दे, एमएफएच्या खालच्या डिव्हिजनमध्ये खेळणारे बरेच क्लब आहेत आणि माणसं कमी पडतच असतात, कोणाचं ऑफिस, कोणाचं लग्न. तिथे मिनिटं मिळतात. ह्या वयात बेंचवर बसून डोकं शिकतं पण पाय नाही शिकत, दोन्ही लागतं. फक्त आधी कॉलेजच्या कोचना विचारून, तारखा आपटल्या तर पंचाईत. त्याला एकदा बांद्रा रेक्लमेशनला नेव्हिल डिसूझा ग्राउंडवर घेऊन जा, साइडलाइनला उभं राहून फक्त दोन्हीकडच्या स्ट्रायकरकडे बघायचं, बॉलकडे नाही. ग्राउंडला ज्याचं नाव आहे त्या माणसाने १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये खुद्द ऑस्ट्रेलियाला हॅट्ट्रिक मारली होती, ४-२ जिंकलो आपण, रोज त्या गेटमधून जाणाऱ्या निम्म्या पोरांना हे माहीत नसतं.

आणि बाटल्या मी पण भरल्यात. बाटली द्यायला आत गेलं की सीनियर लोकं हाफटाइमला काय बोलतात ते फुकट ऐकायला मिळतं.

भांडुपचा_बाबा

सगळ्यांचे आभार, ताई तुमचे विशेष, डबा सुरू केलाय. कोचना भेटायला गेलो नाही, पालकसभा वाचून घाम फुटला.

बोटांचा प्रकार दहा दिवस चालू आहे. पहिले तीन दिवस तो माझ्यावरच खेकसत होता की बाबा तुम्ही दोन दाखवून तीन म्हणता, आमचा वॉचमन बाजूला खुर्ची टाकून पंचगिरी करायला लागला, आता तोच बोटं दाखवतो कारण माझी कंबर धरली. चिरंजीवांनी रेडशर्टचं वाचलं, काही बोलला नाही, पण रात्री बायकोला सांगत होता की अमेरिकेत मुद्दाम बसवतात म्हणे. परवा मॅचला पंचवीस मिनिटं मिळाली. गोल नाही. एकदा मागे बघून एका टचमध्ये बॉल विंगला सोडला, तिथून कॉर्नर मिळाला, कोच काही बोलले नाहीत आणि हा म्हणतो काही बोलले नाहीत म्हणजे चांगलं असतं.

आता एक शेवटचं. सारखा घसरतो म्हणतोय. बूट टर्फचेच आहेत, खाली रबराचे बारीक बारीक दाणे असलेले. नवीन घ्यायचे तर कुठले?

चिखलातला_स्टॉपर

अहो काका, हे आधी सांगायचं ना, टर्फच्या बुटावर चिखलात कोणीही घसरेल! मोल्डेड स्टडवाले घ्या, म्हणजे सोललाच जोडलेले प्लास्टिकचे खुंट असलेले, ज्याला एफजी म्हणतात ते, पावसाळा संपल्यावर कडक ग्राउंडवर पण तेच चालतील. स्क्रूवाले धातूचे स्टड्स खऱ्या चिखलात भारी पण कृत्रिम गवतावर सहसा घालू देत नाहीत, शिवाय एफवायला दोन-दोन जोड कशाला. संध्याकाळी घ्यायला जा, दिवसभरात पाय जरा सुजलेला असतो, आणि खेळायचे मोजे घालूनच मापाला बघा. आणि बाल्कनीत फेकायच्या आधी आत पेपरचे बोळे कोंबायला सांगा, नाहीतर दिवाळीपर्यंत सोल सुटेल.