जास्त रॅमचं वर्कस्टेशन कुठून घेतलं? मराठवाड्यातल्यांनी आपापले अनुभव सांगा

पैठणगेटकर
परवा लातूरहून भाच्याचा फोन. ड्रोन सर्व्हेची कामं घेतो तो, हजार दीडहजार फोटो जोडून नकाशा करायला बसला की ६४ जीबीचं मशीन मध्येच मान टाकतं, म्हणून आता १२८ नाहीतर १९२ जीबीचं घ्यायचंय. मामा, कुठून घेऊ? लातुरातून, संभाजीनगरहून, पुण्याहून का ऑनलाइन? हे ऐकलं आन् मला पैठण गेटजवळचं ते जिन्याखालचं दुकान आठवलं. माझं पहिलं मशीन तिथंच जुळवलेलं, २५६ एमबी रॅम, एमबी बरं का. दुकानदार काका रॅमची पट्टी उचलायच्या आधी कॅबिनेटच्या लोखंडाला हात टेकवायचे. कामून म्हणून विचारलं तर म्हणाले, अंगातली वीज उतरवतो, नाहीतर पट्टी मरते आणि मेलेली दिसतबी नाही. पुढं काही बिघडलं की काका स्वतः स्कूटरवर पेचकस घेऊन घरी हजर.

आता ऑफिससाठी इतकी वर्षं मशीनं घेऊन माझं मत पक्कं झालंय. जास्त रॅमचं मशीन त्याच्याकडूनच घ्यावं जो बिघडल्यावर ते उघडायला येणार. भाव नंतर, आधी "येणार कोण" हे विचारायचं. खराब रॅम लगेच कळत नाही हो, आठ तास प्रोसेसिंग चालतं आणि शेवटी फाइल खराब निघते, आणि विकणारा म्हणतो तुमच्या सॉफ्टवेअरमध्येच गडबड आहे. म्हणून घेतानाच रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासायचा प्रोग्राम, चालवून सकाळी रिझल्ट दाखव म्हणायचं. जो हो म्हणेल त्याला ॲडव्हान्स.

शिवाय २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव पेटलेत, सगळा माल एआयच्या डेटा सेंटरकडं चाललाय, मायक्रॉननं तर क्रुशिअल हा किरकोळ ग्राहकांचा ब्रँडच बंद करतो म्हणून जाहीर केलं. म्हणून कोटेशनवर तारीख आणि किती दिवस भाव धरणार ते लिहून घ्या. तुम्ही कुठून घेतलं, मग काय झालं, सगळं सांगा. भाचा वाचू लागलाय.

मोंढा_नाका
चार पट्ट्या लावू नका भाच्याला सांगा. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या साध्या बोर्डात दोन पट्ट्या ५२००-५६०० च्या वेगानं चालतात, चार लावल्या की एएमडीचा अधिकृत आकडा ३६०० वर येतो. ४८ च्या दोन घेतल्या तर ९६, ६४ च्या दोन घेतल्या तर १२८. हे मला आमच्या नांदेडच्या दुकानदारानंच सांगितलं, स्वतःहून, मी चार पट्ट्यांची ऑर्डर द्यायला गेलतो आणि त्यात त्याचा धंदा जास्त होता तरीबी. तिथंच ठरवलं घ्यायचं तर याच्याकडूनच. पुण्यापेक्षा भाव थोडा चढाच होता पण लग्नसराईत एडिटिंग अडकलं की पोरगा अर्ध्या तासात दारात. नवरीचे भाऊ फोनवर फोन करत असतेत, त्या टायमाला पुणं काय कामाचं?

बाभळगाव_रोड
अर्ध्या तासात?? आमच्याकडं प्लंबर येत नाही अर्ध्या तासात

मोंढा_नाका
त्याला हुरड्याला शेतावर नेतो ना दरवर्षी 😄

वाळूज_रात्रपाळी
कंपनीत डेल प्रिसिजन आणि एचपी झेड वापरतो, डिझाइन आणि ॲनालिसिसला. ब्रँडेडचं बरं म्हणजे तीन वर्षांची ऑनसाइट वॉरंटी घेता येते. पण नेक्स्ट बिझनेस डे म्हणजे उद्या सकाळी माणूस दारात असं नसतं. आधी फोनवर तपासणी, ते तुमच्याकडून हे काढा ते लावा करून घेतात, मग पार्ट निघतो, मग पुढचा कामाचा दिवस. वाळूजला येतात, नाही म्हणत नाही. पण किनवट, भूम, पाटोदा असलं काही असेल तर खरेदीआधी आपला पिनकोड देऊन ईमेलवर लेखी उत्तर घ्या. तोंडी नको.

आणि ईसीसीचं, म्हणजे स्वतःच्या चुका धरणाऱ्या रॅमचं, कुणी बोललं नाही. एका बिटची चूक ती आपोआप दुरुस्त करते, दोन बिटांची असेल तर पकडून सांगते. साध्या डीडीआर५ वर, म्हणजे आताच्या पिढीच्या रॅमवर, "ऑन-डाय ईसीसी" लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका, ते चिपच्या आतल्यापुरतं, पट्टी ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ते बघत नाही. रात्ररात्र चालणारं काम असेल तर खरं ईसीसी घ्या, आणि बोर्डाला चालतं का बघा. सर्व्हरची रजिस्टर्ड पट्टी साध्या बोर्डात चालत नाही, डीडीआर५ ला तर पट्टीवरची खाचच वेगळ्या जागी असते, बसतच नाही.

गंगाखेडची
मी उलटं सांगणार. माझ्याकडं जुनं एचपी झेड८४० आहे, दोन झिऑन प्रोसेसरवालं, रॅमच्या पट्ट्या बसवायला सोळा खाचा. मुंबईला लॅमिंग्टन रोडवरून घेतलं, ऑफिसांमधून निघालेला माल असतो तसला. नव्या मशीनच्या कितीतरी कमी पैशात १२८ जीबी आणि तेबी ईसीसी. मी पिकांच्या जीनोमच्या डेटावर काम करते, मला वेग थोडा कमी चालतो, रॅम मात्र पाहिजेच. पण ऐका, त्याचा पॉवर सप्लाय आणि बोर्ड त्याच मॉडेलचा लागतो, परभणीत कुठल्याच दुकानात मिळायचा नाही. म्हणून घेतानाच त्या दुकानदाराकडून एक जास्तीचा पॉवर सप्लाय घेऊन ठेवला. आणि मे महिन्यात खोली अशी तापते की सासूबाई त्या खोलीत पापड वाळत घालायचं म्हणू लागल्या.

मुंबईला जायचं असेल तर देवगिरी एक्सप्रेसनं जा, सकाळी उतरायचं, दुकानं दहा-अकराला उघडतात, रविवारी बरीच बंद. दुकानातच चालू करून रॅमचा आकडा स्क्रीनवर बघा, सिरियल नंबर बिलावर घाला.

बीड_बायपास
ताई आणलं कसं पण?? ट्रॅव्हल्सच्या डिकीत?

गंगाखेडची
हो, पण ग्राफिक्स कार्ड काढून वेगळं मांडीवर. मोठा कूलर असेल तर तोबी काढायचा. आडवं झोपवायचं, बोर्ड खाली. आपले रस्ते माहितीयेत की. पोळ्या टाकू लागले, नंतर लिहिते

बीड_बायपास
रस्त्याचं नाव नका काढू, आमच्या फाट्यावर तर

तपोवनचा_प्रवासी
वंदे भारत आता नांदेडपासून आहे की, तिनं जावा. डबा मात्र घरचाच न्या

हिंगोली_हळद
ऑनलाइनचा अनुभव सांगतो, साइटचं नाव घेत नाही. ९६ जीबीचा किट मागवला, खोक्याचं सील आधीच फाटलेलं, आत एक पट्टी चालणारी एक मेलेली. परत घेताना म्हणतात पैसे नाही, बदलून देऊ, आणि बदलायला स्टॉक नाही. मग कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला कुरिअर करा, महिना गेला. तेवढ्यात बाजारात भाव वाढून बसले. खोकं उघडतानाचा सलग व्हिडिओ होता म्हणून निदान ऐकून तरी घेतलं. लेबल, सील, सिरियल नंबर सगळं एकाच व्हिडिओत, कट न करता.

पैठणगेटकर
लई वाईट झालं हो. तुमचं काम कसं निभावलं मग महिनाभर?

हिंगोली_हळद
मेव्हण्याच्या मशीनवर, रात्री. मेव्हण्याचे उपकार म्हणजे तुम्हाला माहितीच 🙏

ढवळे_मास्तर
कॉलेजच्या लॅबसाठी जेमवरून खरेदी होते आमची. सरकारी पोर्टल, त्यामुळं दुकान निवडायचा प्रश्न नाही पण स्पेसिफिकेशन लिहिणारा सावध पाहिजे. नुसतं "१२८ जीबी" लिहिलं की पुरवठादार छोट्या पट्ट्यांनी सगळ्या खाचा भरून देतो, पुढं वाढवायची तर आहे ती रॅम काढून ठेवा. "इतक्या खाचा रिकाम्या", "ईसीसी", "संस्थेच्या जागेवर येऊन दुरुस्ती" हे शब्द निविदेतच पाहिजेत. नंतर वाद घालून काही होत नाही.

अर्थिंगवाला
कुठूनबी घ्या, आधी घराचं अर्थिंग तपासा!! न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावा, दोन-तीन व्होल्टच्या वर दाखवलं तर मशीन लावूच नका. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, प्लेट मातीला धरत नाही. मार्चपासून आठवड्याला दोन बादल्या पाणी खड्ड्यात ओता. यूपीएस शुद्ध साइन वेव्हचाच, स्वस्तातल्यावर चांगले पॉवर सप्लाय लाइट गेली की तिथंच बंद पडतात. बीडला एकाकडं लाखाच्या वरचं मशीन आणि तीन पिनांच्या सॉकेटात अर्थची वायरच नाही, नुसती पिन

बाभळगाव_रोड
बादल्या कुठून ओतू, नळाला पाणी आठ दिवसाला

अर्थिंगवाला
कूलरचं सांडपाणी सोडा त्याच्यात. मी तेच करतो

उदगीरकर
पोरगी यंदा नीटला लातुरात आहे, तिला कोणता लॅपटॉप घेऊ?

ढवळे_मास्तर
आत्ता काहीच नका घेऊ भाऊ. परीक्षा होऊ द्या. पोरीला डबा वेळेवर जातो ना तेवढं बघा

उदगीरकर
जातो सर. तिची आईच राहायला गेलीय तिथं

जालन्याची_सून
जीएसटी नंबर असेल तर बिल त्याच नंबरवर घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळतं. मुंबई-पुण्याहून घेतलं काय नि लातुरातून घेतलं काय, क्रेडिट तेच. कच्च्या बिलावर स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडं वॉरंटीचा कागदच नसतो, मग ते स्वस्त कसलं. इन्कम टॅक्समध्ये कॉम्प्युटरला घसारा ४० टक्के आहे, सीएला सांगा.

कोणी मॅक स्टुडिओ घेतलाय का? आमच्या दिरांना एआयची मॉडेलं घरीच चालवायचीत, म्हणे त्यात सगळी मेमरी ग्राफिक्सलाबी वापरता येते

वाळूज_रात्रपाळी
येते, ते खरंय. २०२५ ला आला तेव्हा ५१२ जीबीपर्यंत मिळत होता. पण नंतर एक जीबीसुद्धा वाढवता येत नाही, सोल्डर केलेली असते. आज पाहिजे त्याच्यापेक्षा जास्तच घ्यावी लागते. आणि दिरांना विचारा नक्की कोणतं मॉडेल चालवणार, ग्राफिक्स कार्डाची मेमरी आणि रॅम या दोन वेगळ्या गोष्टी, खूप जण एकच समजून पैसे घालवतात.

भाचा_लातूर
मामा सगळं वाचलं. लातुरातल्या दोन दुकानांत जाऊन आलो. एकानं भाव कमी सांगितला पण मेमटेस्ट म्हटल्यावर हसला. दुसरा म्हणाला रात्रभर लावून ठेवतो, सकाळी येऊन बघा. ६४ च्या दोन पट्ट्या, दोन खाचा रिकाम्या. पण त्यानं चालू करून दाखवलं तर पाच मिनिटं स्क्रीन काळीच, मला वाटलं गेलं

मोंढा_नाका
काही गेलं नाही. डीडीआर५ पहिल्यांदा चालू करताना रॅमची जुळवाजुळव करतं, जास्त रॅम असली की वेळ लागतो. बटण दाबून बंद करू नको मध्येच. दुसऱ्या वेळेला लवकर येतंय.

पैठणगेटकर
दुसऱ्याकडूनच घे. बिलावर दोन्ही पट्ट्यांचे सिरियल नंबर आणि घरी येऊन दुरुस्ती करणार हे लिहून घे, शिक्क्यासह. आणि सॉकेटात वायर आहे का ते आज संध्याकाळीच बघ.

अर्थिंगवाला
मीटर नसेल तर लातुरात माझा मावसभाऊ आहे, मेसेज करा