मदत हवी आहे : बाळंतपणाच्या रजेनंतर डावललेली बढती

नमस्कार. पुण्यातील, शेअर बाजारात नोंद असलेल्या एका कंपनीत मी उपव्यवस्थापक आहे. बाळंतपणाच्या रजेवरून परतल्यावर माझे वार्षिक मूल्यांकन एका श्रेणीने खाली आणण्यात आले, आणि ज्या विभागाची घडी मी बसवली, त्याचे व्यवस्थापकपद मला कनिष्ठ असलेल्या सहकाऱ्याला देण्यात आले. ‘या पदावर फिरती फार आणि तुमचे बाळ लहान’, असे कारण तोंडी मिळाले. फिरती मला जमेल का, हे कोणी विचारलेच नाही.

२०१७ च्या दुरुस्तीने ही रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि रजेच्या काळात स्त्रीच्या सेवाशर्तींत तिचे नुकसान होईल असा बदल करण्यास कायद्याने मनाई आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यामुळे आमच्या संचालक मंडळावर एक महिलाही आहेत. पण मधल्या पायऱ्यांवर स्त्रिया जवळजवळ नाहीत, आणि खरी गळती तिथेच होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

रजेमुळे मूल्यांकन घटवणे हा सेवाशर्तींतील बदल ठरतो का? मनुष्यबळ विभागाकडे लेखी दाद मागताना तोंडी दिलेले कारण कसे नोंदवावे? व्यवस्थापक श्रेणीतील व्यक्तीला कामगार आयुक्तांकडे जाता येते का? फेरविचाराच्या अर्जाची मुदत महिनाअखेरीस संपते, त्यामुळे जाणकारांनी आणि अशी दाद मागितलेल्या भगिनींनी कृपया लवकर कळवावे.