मदत हवी आहे: ब्लड कल्चरच्या बाटलीत जंतू दिसतायत, प्लेट मात्र कोरी

नमस्कार मंडळी, मायक्रोबायोलॉजीतलं कोणी असेल तर प्लीज आजच उत्तर द्या. मी घाटकोपरच्या एका छोट्या लॅबमध्ये कल्चरच्या टेबलावर (म्हणजे रक्त वगैरेतले जंतू वाढवून ओळखायचं काम) सहा वर्षं काम करतेय पण असं पहिल्यांदाच बघतेय.

पेशंट तिशीतली बाई, लहानपणी सांधे सुजून ताप आलेला त्यामुळे मायट्रल झडप आधीच खराब, आता महिनाभर बारीक ताप आणि इकोत झडपेवर व्हेजिटेशन म्हणजे जंतूंची गाठ दिसलीय. डॉक्टरांनी अँटिबायोटिक द्यायच्या आधी तीन वेगवेगळ्या जागांवरून रक्त घेतलं, प्रत्येक बाटलीत ८ ते १० मिली, म्हणजे अगदी हवं तसं, नाहीतर आमच्याकडे बहुतेक पेशंट गोळ्या खाऊनच येतात आणि मग कल्चरला काहीच लागत नाही.

दुसऱ्या दिवशी तीनपैकी दोन सेट मशीनमध्ये पॉझिटिव्ह आले. ग्रॅममध्ये, म्हणजे जंतू रंगवलेल्या स्लाइडवर, छोट्या साखळ्या, पण नेहमीच्या स्ट्रेप जंतूंसारख्या नाहीत, काही दाणे जांभळे काही गुलाबी, मधेच एखादा फुगलेला. ब्लड अगार आणि मॅककॉन्की या जंतू वाढवायच्या प्लेटवर लावलं, ४८ तास झाले, दोन्ही प्लेट स्वच्छ. परत लावलं, परत तेच. चॉकलेट अगार (तापवलेल्या रक्ताची जास्त पोषक प्लेट) संपलंय. सर बाहेरगावी आहेत, फोन लागत नाही, आणि काउंटरवरून सारखं विचारतायत की नो ग्रोथ टाकून रिपोर्ट सोडू का. मी सोडू दिला नाही. स्लाइडवर दिसतंय ते नाही कसं म्हणायचं? त्या बाईला चार ते सहा आठवडे शिरेतून औषध चालणार, ते कुठलं हे या नावावर ठरणार. माझ्या हातून काय राहतंय सांगा.

परळचा जुना टेक्निशियन: ताई, रिपोर्ट थांबवलात ते फार बरं केलंत. ग्रॅममध्ये जे दिसलं ते आधी डॉक्टरांना फोनवर कळवा, नावासाठी थांबू नका. मला हा अबायोट्रोफिया किंवा ग्रॅन्युलिकॅटेला वाटतोय, आम्ही यांना न्यूट्रिशनल व्हेरियंट स्ट्रेप म्हणायचो. याला वाढायला पायरिडॉक्सल लागतं, म्हणजे बी ६ चंच एक रूप, साध्या ब्लड अगारमध्ये ते पुरेसं नसतं, बाटलीत मात्र पेशंटचंच रक्त असतं म्हणून तिथे वाढतो. असं करा, बाटलीतला थेंब ब्लड अगारवर सगळीकडे पसरा आणि मधून स्टॅफ ऑरियस या जंतूची, चाचणीसाठी ठेवलेला असतो त्याची, एकच सरळ रेघ ओढा, कॅन्डल जारमध्ये (आत मेणबत्ती लावून बंद केलेली बरणी) ३५ अंशाला ठेवा. स्टॅफ जे बाहेर सोडतो त्यावर हा जगतो. एक प्लेट ॲनेरोबिक म्हणजे बिनऑक्सिजनच्या जारमध्येपण लावाच, ॲनेरोबिक कोकाय (गोल जंतू) असले तरी साधी प्लेट अशीच कोरी राहते. आणि न्यूमोकोकस हा जंतू बाटलीत आपोआप फुटून मरतो, तोही डोक्यात असू दे.

धागाकर्ती: दादा, उगवलं!! काल दुपारी लावलेली प्लेट आज ट्यूबलाइटसमोर तिरकी धरली तर स्टॅफच्या रेघेच्या दोन्ही कडांना राईहून बारीक, दवासारखे ठिपके, आणि बोटभर लांब गेलं की काहीच नाही. ॲनेरोबिक प्लेट कोरी आहे. आता सेन्सिटिव्हिटी (कुठलं औषध लागू पडतं ती चाचणी) कशी लावू, औषधाच्या नेहमीच्या डिस्क चालतील का?

परळचा जुना टेक्निशियन: वा! डिस्क अजिबात लावू नका, याला डिस्कचे आकडेच नाहीत. ब्रॉथमध्ये एमआयसी (जंतू रोखायला लागणारं औषधाचं कमीत कमी प्रमाण) करावी लागते, त्यात पेशी फोडलेलं घोड्याचं रक्त आणि पायरिडॉक्सल घालून, आणि पेनिसिलिनची तर बघावीच लागते कारण यातले काही त्याला बधत नाहीत. छोट्या लॅबचं काम नाही ते, मॅल्डी टॉफ (जंतू ओळखायचं मशीन) असलेल्या मोठ्या लॅबला पाठवा. नुसती प्लेट नको, बाटलीपण द्या आणि चिठ्ठीवर सॅटेलाइट ग्रोथ (दुसऱ्या जंतूच्या कडेनेच वाढ) असं ठळक लिहा, नाहीतर तेही साध्या ब्लड अगारवर लावून बसतील.

धागाकर्ती: लिहिलं, लाल पेनने. आमच्या लॅबचा मुलगा दोन्ही घेऊन आत्ता १२.४० च्या लोकलने निघाला. डॉक्टरांशीपण बोलले, तात्पुरता रिपोर्ट त्यांच्याकडे गेलाय.