अनुभव धागा: खेळामुळे कुणाशी गट्टी जमली?

बागेत नेपाळी राखणदार, होडीवर परराज्यातले खलाशी, चिरेखाणीवर कर्नाटकातली कुटुंबं, हे आता आपल्या किनारपट्टीवर सगळीकडेच आहे. त्यांची पोरं आपल्याच पोरांच्या वयाची, पण ओळख मान हलवण्यापलीकडे जात नाही. खेळामुळे गाडी पुढे सरकली असेल तर लिहा, फिसकटलं असेल तर तेही लिहा. भाषणं नकोत प्लीज.

हापूसवाला, देवगड
आमच्याकडे राखणीला नेपाळी कुटुंब असतं, दिवाळीनंतर येतात ते आंबा उतरेपर्यंत. त्यांचा मुलगा नि माझा पुतण्या आधी नुसतेच एकमेकांकडे बघत बसायचे, मग एका दुपारी त्याने मांगराच्या (बागेतल्या खोपटाच्या) ओट्यावर कोळशाने पट आखला, कोपऱ्यांत चार खडे म्हणजे वाघ आणि वीस काजूबिया म्हणजे बकऱ्या. त्यांच्याकडचा बाघचाल. बकऱ्या एकेक करून मांडायच्या, वाघाने उडी मारून पाच खाल्ल्या की वाघ जिंकला, चारही वाघ कोंडले की बकऱ्या. आता वाघ कुणी घ्यायचे यावरून दोघं मोडक्यातोडक्या हिंदीत कचाकचा भांडतात आणि मला ते बरं वाटतं, पाहुण्याशी कोण भांडतं का! आईचं एकच, "खेळून झाला की माझ्यो बियो मोजून ठेवा रे."

बंदरावरची
मी फिसकटलेलं सांगते. गाव विरुद्ध खलाशी अशी टेनिस बॉलची मॅच ठेवली कुणीतरी, रनआऊटवरून असं पेटलं की स्टंप हातात आले. नंतर चिठ्ठ्या टाकून टीम पाडल्या, बोटीवरचे नि गावातले मिक्स, तर तेलुगू बोलणाऱ्या बॉलरसाठी आमचाच कॅप्टन अंपायरच्या अंगावर गेला 😄 आणि हो, १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, बरेच खलाशी घरी जातात, त्यामुळे जे काय ठेवायचं ते मे संपायच्या आत.

खडूफळा
खो-खो! चिरेखाणीवरच्या कन्नड मुली वर्गात गप्प, पळायला मात्र तुफान. आठ जणी ओळीत बसतात, शेजारणींची तोंडं उलटसुलट, आणि पाठलाग करणारीला मधेच मागे वळता येत नाही, त्यामुळे मैत्रिणीलाच खो द्यायचे लाड चालत नाहीत, पळणारी जिकडे गेली तिकडे तोंड असलेलीला द्यावाच लागतो. डबेही एकत्र खायला लागल्या, पण त्याला अख्खं सत्र गेलं, हे पण सांगते.

नुसता वाचक
व्हॉलीबॉलचं नेट बांधा राव. नेपाळचा तो २०१७ पासून राष्ट्रीय खेळ आहे, बोलवायलाही लागणार नाही.

धागाकर्ता
नेट मिळेल, सुरूच्या बनात जागाही आहे. हापूसवाले, त्या पटाचा फोटो टाका ना, रेघा कुठून कुठे मारायच्या ते कळलं नाही.