भाचीचं इन्स्टा पब्लिक करायचं का? आणि मग अमेरिकेतलं ते बोलण्याचं स्वातंत्र्य गेलं कुठं?

नाशिकचा_मामा

नमस्कार मंडळी, घरात गोंधळ चाललाय म्हणून धागा काढतोय. भाचीला अमेरिकेत पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्सला ॲडमिशन मिळालीय, तिथली सरकारी म्हणजे स्टेट युनिव्हर्सिटी आहे, आय-ट्वेंटी (युनिव्हर्सिटीचा व्हिसासाठीचा कागद) आली, बँकेचं लोन झालं, आता राहिला व्हिसा. एजंट म्हणतो गेल्या ५ वर्षांत वापरलेलं प्रत्येक सोशल मीडियाचं हँडल फॉर्ममध्ये लिहा, सगळी अकाउंट पब्लिक करा आणि वर हळूच म्हणतो की वादग्रस्त काही असेल तर आधी उडवून टाका.

मग काय, रविवारी रात्री जेवणं झाल्यावर ताई, भाऊजी आणि मी असे तिघं तिच्या फोनवर डोकी घालून बसलो, ती बिचारी समोर हाताची घडी घालून. मिसळ, मिसळ, शेजारचं मांजर, सोमेश्वरचा धबधबा, परत मिसळ. आणि मग एक स्टोरी सेव्ह केलेली सापडली, गाझातल्या एका हॉस्पिटलच्या जिन्यात बसलेल्या मुलांचा फोटो आणि खाली तिनं तीनच शब्द लिहिलेले, "ही मुलं कुणाची". ताईचा चेहरा उतरला, म्हणाली काढ आधी ते. तर पोरगी म्हणते, आई यात मी खोटं काय लिहिलंय ते सांग, मग काढते. भाऊजी उठून बडीशेप शोधायला गेले.

माझा प्रश्न दोन भागात आहे. एक, करायचं काय. आणि दुसरा जरा मनातला. आमच्या पिढीला सांगितलं गेलं होतं की अमेरिकेत राष्ट्राध्यक्षाला भर चौकात शिव्या घाला, कोणी हात लावत नाही, त्यांचा झेंडा जाळला तरी १९८९ साली त्यांच्या सुप्रीम कोर्टानं तो गुन्हा नाही म्हणून सांगितलं. २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांचे उपराष्ट्राध्यक्ष व्हान्स म्युनिकला जाऊन युरोपवाल्यांना तुमच्याकडे भाषणस्वातंत्र्य मागं हटतंय असा डोस पाजून आले. आणि त्याच सरकारला एका नाशिकच्या पोरीच्या तीन शब्दांची भीती वाटते? की आम्हीच उगाच घाबरलोय?

एडिसनची_माई

मामा, तुम्ही उगाच घाबरलेले नाही, पण एजंटचं सगळं ऐकू पण नका. मी वकील नाही, २२ वर्षं न्यू जर्सीत राहते आणि दोन पोरं इथल्या कॉलेजात आहेत त्यामुळे हे सगळं डोळ्यासमोर बघितलंय.

हँडल लिहायचा नियम २०१९ पासूनचा आहे, नवीन नाही. नवीन काय तर २०२५ च्या मे महिन्याच्या शेवटी त्यांनी विद्यार्थ्यांच्या नव्या अपॉइंटमेंट थांबवल्या आणि जूनमध्ये परत सुरू करताना सांगितलं की एफ, एम आणि जे व्हिसावाल्यांनी, म्हणजे शिकायला किंवा एक्स्चेंज प्रोग्रॅमवर येणाऱ्यांनी, प्रोफाईल पब्लिक ठेवायचं. डिसेंबरपासून तेच नोकरीच्या एच-वन-बी व्हिसावाल्यांनाही लागू केलं. त्यामुळे हँडल अजिबात लपवू नका, एकही. पोस्ट आवडली नाही तर फार तर व्हिसा नाकारतील, परत अर्ज करता येतो, पण फॉर्मवर खोटी माहिती दिली हे एकदा चिकटलं की ते कायमचं मागे लागतं.

आता तुमचा मनातला प्रश्न. तर घटनेचं संरक्षण इथे आत असलेल्या माणसाला आहे, दारात उभ्या असलेल्याला जवळजवळ नाही. १९४५ सालीच इथल्या सुप्रीम कोर्टानं म्हटलंय की या देशात राहणाऱ्या परदेशी माणसालाही बोलण्याचं स्वातंत्र्य आहे. पण एर्नेस्ट मँडेल नावाच्या बेल्जियमच्या मार्क्सवादी अभ्यासकाला भाषणं द्यायला यायचं होतं, सरकारनं व्हिसा दिला नाही आणि १९७२ साली कोर्टानं सरकारच्या निर्णयात हात घातला नाही. तुमची भाची आज त्या मँडेलच्या जागी उभी आहे. विमानातून उतरून आत आली की ती दुसऱ्या रांगेत जाते. म्हणजे जायला पाहिजे, कागदावर तरी.

कागदावर म्हणते कारण रुमेसा ओझतुर्क. बॉस्टनजवळच्या टफ्ट्स युनिव्हर्सिटीत पीएचडी करणारी तुर्की मुलगी. २०२४ च्या मार्चमध्ये कॉलेजच्या पेपरात आणखी तिघांबरोबर एक लेख लिहिला, की विद्यार्थी सिनेटनं जे ठराव केलेत ते युनिव्हर्सिटीनं गंभीरपणे घ्यावेत, इस्रायलशी संबंधित कंपन्यांमधला पैसा काढावा वगैरे. पटो न पटो, लेख आहे, दगड नाही. बरोबर वर्षानं, २५ मार्च २०२५ ला, रमझान चालू होता, ती रोजा सोडायला निघाली होती, तर साध्या कपड्यातल्या तोंड झाकलेल्या लोकांनी तिला रस्त्यात गाठलं आणि लुईझियानाला नेऊन ठेवलं. सहा आठवडे. तो व्हिडिओ माझ्या धाकट्यानं मला किचनमध्ये दाखवला, त्यात ती पहिल्यांदा ओरडते ना, तेव्हा तिला बहुतेक वाटलं असणार की चोर आहेत. मी गॅस बंद करून खाली बसले होते.

पण दुसरी बाजूही सांगते. ३० सप्टेंबर २०२५ ला बॉस्टनचे जज विल्यम यंग यांनी १६१ पानी निकाल दिला की असं विचारांसाठी परदेशी विद्यार्थ्यांना उचलणं घटनेच्या विरोधात आहे, बोलण्याच्या बाबतीत कायदेशीर राहणारा परदेशी आणि नागरिक यांच्यात फरक नाही. आणि हे जज कोणी डावे नाहीत हो, रिपब्लिकन राष्ट्राध्यक्ष रेगननी १९८५ साली नेमलेले. त्यांना कोणीतरी निनावी पोस्टकार्ड पाठवलं होतं की ट्रम्पकडे गुन्हे माफ करायचा अधिकार आहे, रणगाडे आहेत, तुझ्याकडे काय आहे? त्यांनी ते कार्ड निकालाच्या पहिल्या पानावर छापलं आणि खाली उत्तर लिहिलं, की एकट्याकडे कर्तव्याची जाणीव सोडून काही नाही, पण तुम्ही आम्ही मिळून आपल्याकडे राज्यघटना आहे. म्हणून मी अजून इथे आहे.

रोखठोक_कोल्हापूर

माई तुमचा प्रतिसाद चांगलाय पण मला एक कळत नाही. ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी, साधी गोष्ट आहे. शिकायला चाललाय ना, मग शिका आणि या. आपल्याकडे उद्या कोणी परदेशी पोरगा पुण्यात येऊन आपल्याच सरकारविरुद्ध घोषणा द्यायला लागला तर आपण त्याला चहा पाजणार का? व्हिसा हा हक्क नाही, ते त्यांचं घर आहे, कुणाला घ्यायचं ते ठरवतील. ३ लाखांच्या वर भारतीय पोरं आहेत तिथं, त्यातली बहुतेक अभ्यास करतात, कॅन्टीनमध्ये काम करतात आणि लोन फेडतात, त्यांना कुणी हात लावलेला नाही. मामा, पोरीला सांगा स्टोरी उडव आणि विषय संपव. जगाची काळजी करायला आयुष्य पडलंय.

आणि हो, ज्या युनिव्हर्सिट्यांसाठी सगळे रडतायत ना त्यांनीच आधी दुसऱ्यांची तोंडं बंद केली होती. ते कुणी बोलत नाही.

भित्तीपत्रक

रोखठोक, तुमच्या शेवटच्या दोन ओळींशी सहमत आणि आधीच्या सगळ्यांशी असहमत, म्हणून जरा लांबड लावतो.

युनिव्हर्सिट्यांचं खरंच आहे. २०१७ च्या मार्चमध्ये मिडलबरी कॉलेजात चार्ल्स मरे या उजव्या विचारांच्या लेखकाला पोरांनी बोलूच दिलं नाही, आणि त्यांची मुलाखत घ्यायला आलेल्या प्राध्यापक बाई, ज्या स्वतः मरेंच्या विरोधातल्या, त्यांना धक्काबुक्कीत मानेला दुखापत झाली. म्हणजे वाद घालायला आलेल्या बाईच जखमी. ही सवय लावून घेतली, मग ५ डिसेंबर २०२३ ला हार्वर्ड, पेन (पेनसिल्व्हेनिया युनिव्हर्सिटी) आणि एमआयटीच्या अध्यक्षा काँग्रेससमोर, म्हणजे त्यांच्या संसदेसमोर, बसल्या आणि ज्यूंच्या वंशसंहाराची भाषा तुमच्या नियमात बसते का असं विचारल्यावर "संदर्भावर अवलंबून आहे" म्हणाल्या. कायद्यानं ते उत्तर फारसं चूक नव्हतं. पण ज्यांनी इतकी वर्षं बारीकसारीक शब्दांवरून लोकांना धारेवर धरलं त्यांच्या तोंडी ते शोभलं नाही. पेनच्या मॅगिल यांनी चार दिवसांत राजीनामा दिला, हार्वर्डच्या क्लॉडीन गे यांनी २ जानेवारीला, त्यांच्यावर वाङ्मयचौर्याचे आरोपही होते. धार लावली यांनी आणि सुरी गेली दुसऱ्याच्या हातात.

पण म्हणून सरकारनं ती सुरी चालवावी? खाजगी कॉलेजनं वक्त्याला नको म्हणणं आणि सरकारनं माणसाला बेड्या घालणं यात फरक आहे, त्यांची पहिली घटनादुरुस्ती, म्हणजे बोलण्याच्या स्वातंत्र्याची, सरकारचे हात बांधते, खाजगी संस्थेचे नाही. (मामा, भाचीची युनिव्हर्सिटी सरकारी आहे म्हणजे तिथं ती दुरुस्ती थेट लागू होते, ही जमेची बाजू.) म्हणून मग सरकारनं दुसरा रस्ता काढला, पैशाचा. २०२५ च्या मार्चमध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीला सरकारकडून मिळणारे ४० कोटी डॉलर अडवले. कोलंबिया म्हणजे आपल्या बाबासाहेबांचं कोलंबिया, १९१३ ला ते तिथं गेले आणि तिथलं वातावरण त्यांनी जन्मभर आठवणीत ठेवलं. त्या कोलंबियानं जुलैमध्ये २२ कोटी डॉलरच्या आसपास भरायचं कबूल करून तडजोड केली. हार्वर्डचेही पैसे अडवले होते, ते कोर्टात गेलं, सप्टेंबरमध्ये खालच्या कोर्टात जिंकलं. कोणाकडं किती गंगाजळी आहे त्यावर कणा ठरतो असं म्हणायचा मोह होतोय पण कोलंबियाही काही गरीब नाही.

आता पोळी आणि टाळी. १९६५ च्या डिसेंबरमध्ये आयोवातल्या डे मॉइन गावात एक १३ वर्षांची मुलगी व्हिएतनाम युद्धाच्या निषेधाची काळी पट्टी दंडाला बांधून शाळेत गेली. शाळेनं घरी पाठवलं. १९६९ ला सुप्रीम कोर्टानं ७ विरुद्ध २ नं सांगितलं की पोरं शाळेच्या फाटकाबाहेर आपले हक्क काढून ठेवत नाहीत. ती पण सरकारी शाळेचीच पोळी खात होती की.

अवांतर, पण सांगतोच. १९८४-८५ ची गोष्ट, मी एस.वाय.ला. आमच्या कॉलेजात भित्तीपत्रक असायचं, पोस्टरच्या कागदावर स्केचपेननं मजकूर लिहून ड्रॉइंग पिनांनी लावायचं. मी होस्टेलच्या मेसच्या हिशोबावर लिहिलं, आकडे मेसच्याच वहीतले. दुसऱ्या दिवशी सर आले, त्यांनी पिना काढायची पण तसदी घेतली नाही, सरळ कागद धरून ओढला. चारही कोपरे पिनांसकट भिंतीवरच राहिले. मला ऑफिसात बोलावून माफीपत्र लिहून घेतलं, मी लिहून दिलं, वडिलांना कळू नये म्हणून. ते चार कोपरे मात्र वर्षभर तसेच होते, मी रोज त्याच्यासमोरून जायचो. त्या मेसची भाजी त्यानंतर काही घट्ट झाली नाही.

जिरेटोप

अमेरिकेला नावं ठेवताय ते ठेवा पण आपलं पण बघा जरा. त्यांची पहिली घटनादुरुस्ती १७९१ ची, बोलण्याला संरक्षण द्यायला. आपली पहिली घटनादुरुस्ती १९५१ ची, बोलण्यावरची बंधनं वाढवायला. हे योगायोगानं असलं तरी दोन्ही देशांचा स्वभाव कळतो 😀

आणि पालघर विसरलात का सगळे? नोव्हेंबर २०१२, बाळासाहेब गेले त्यानंतर मुंबई बंद का म्हणून एका मुलीनं फेसबुकवर लिहिलं, दुसरीनं फक्त लाईक केलं, दोघींना अटक. लाईकला! वर एकीच्या काकांचं क्लिनिक फोडलं ते वेगळंच. ते आयटी कायद्यातलं ६६अ कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये काढून टाकलं ते त्याच प्रकरणानंतर एका कायद्याच्या विद्यार्थिनीनं याचिका केली म्हणून. तेव्हा रोखठोकजी, चहा पाजायचं जाऊ द्या, आपण आपल्या पोरींना पण पाजत नाही.

रोखठोक_कोल्हापूर

बरं बरं, पालघरचं चूकच होतं, मी तेव्हाही म्हणालो होतो. पण भित्तीपत्रक काका, माफीपत्र लिहून दिलंत म्हणून डिग्री मिळाली ना? मी पण तेच म्हणतोय मामांना.

भित्तीपत्रक

मिळाली. म्हणूनच पोरीला काय करायचं ते मी सांगणार नाही, मला तो अधिकार नाही.

एडिसनची_माई

मामा, एक राहिलं. एकदम सगळं उडवून अकाउंट कोरं करू नका, ते जास्त डोळ्यात भरतं असं इथं सगळे म्हणतात. आणि इंटरव्ह्यूत कोणी विचारलंच तर खरं सांगायचं, वाद घालायचा नाही.

नाशिकचा_मामा

सगळ्यांचे आभार, इतके प्रतिसाद येतील वाटलं नव्हतं. काल हा धागा ताईला वाचून दाखवला. रोखठोक तुमचा प्रतिसाद तिला फार आवडला, भाऊजींना भित्तीपत्रक काकांचा, म्हणजे घरातली मतविभागणी होती तशीच आहे.

भाचीनं स्टोरी ठेवलीय. ती म्हणाली, पब्लिक करायला सांगितलंय ना, मग पब्लिकच करते. हँडल सगळी लिहिली. त्यात अकरावीतलं एक ट्विटर अकाउंट निघालं त्याचं नाव इतकं भयंकर आहे की गाझापेक्षा ते लिहिताना ती जास्त लाजली, आणि भाऊजींना ते स्पेलिंग करून सांगावं लागलं कारण फॉर्म ते भरत होते. पुढच्या मंगळवारी मुंबईत बीकेसीला इंटरव्ह्यू आहे, पंचवटी एक्सप्रेसनं जातोय, काय होतं ते इथंच कळवतो.

तेवढ्यात रात्री मी माझं स्वतःचं फेसबुक उघडून २०१४ पासून खाली खाली बघत गेलो. मामाचं हँडल फॉर्ममध्ये मागत नाहीत ना हो माई?