मदत हवी आहे : लग्नाची जुनी डीव्हीडी आता बघवत नाही

मंडळी, अमळनेरला घरी फोर-के टीव्ही आल्यापासून डोळे पार लाडावलेत. आई-आबांच्या लग्नाची डीव्हीडी लावली की चेहरे लापशीसारखे दिसतात. पूर्वी हेच आम्ही कौतुकाने बघायचो! डीव्हीडीत ७२० बाय ५७६ ठिपके, टीव्हीवर ३८४० बाय २१६०. मधले ठिपके टीव्ही अंदाजाने भरतो, एवढं कळतं. त्यात ४:३ चं (जुन्या टीव्हीच्या आकाराचं) चित्र रुंद पडद्यावर ताणलं की आबा आणखीच रुंद. (तसे ते आहेतच, सोडा.)

मूळ व्हीएचएस कॅसेट अजून आहे. ती नव्याने कॅप्चर करून (संगणकावर उतरवून), नीट डीइंटरलेस केली (म्हणजे एकाआड एक ओळींचं चित्र जोडून सलग केलं) तर फरक पडेल? की टीव्हीचा शार्पनेस कमी करणं पुरे? जळगाव-धुळ्याकडे चालू व्हीसीआर असलेलं कोणी खात्रीचं माहीत आहे का? एआयने चेहरेच बदलून देणारा मात्र नको.